एका फाइलीत चार तारखा: प्रसूतीची खरी तारीख कोणती धरायची?

सोनो_सदाशिव

ओळख काढून एका फाइलीतले आकडे देतो. पुण्यात तीन वेगवेगळ्या ठिकाणी सोनोग्राफी झाली आहे, आणि प्रत्येक रिपोर्टवर वेगळी तारीख छापली आहे.

शेवटची पाळी २७ ऑगस्ट २०२५. त्यावरून तारीख ३ जून २०२६.
२४ ऑक्टोबरला पहिली सोनोग्राफी, आतून (योनीमार्गातून). सीआरएल (गर्भाची लांबी) ११ मिमी, ठोके आहेत. वय ७ आठवडे २ दिवस. तारीख १० जून.
२८ नोव्हेंबरला एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी बघणारा). सीआरएल ६० मिमी, १२ आठवडे ३ दिवस. तारीख ९ जून.
१६ जानेवारीला अ‍ॅनोमली स्कॅन (अवयवांतले दोष शोधणारा). सगळ्या मापांची सरासरी १९ आठवडे ६ दिवस. तारीख ६ जून.

माझं मत आधीच सांगतो. तारीख १० जून. ती २४ ऑक्टोबरलाच ठरली, आणि पुढच्या दोन्ही स्कॅननी फक्त वाढ तपासायची होती. पण फाइलीच्या पहिल्या पानावर अजून ३ जून आहे, मधल्या पानावर ९ जून आहे, आणि घरचे ६ जून धरून बसलेत. कुणीच आधीची तारीख खोडलेली नाही.

दुसरा प्रश्न: पाळी नियमित, २८ दिवसांची, असं लिहिलंय. मग आठवडाभर फरक का यावा?

मृण्मयी_प्र

१० जूनला पूर्ण अनुमोदन. नियम सगळ्यांसाठी लिहून ठेवते, कारण हा तक्ता भिंतीवर असतो पण चुकीच्या ओळीत वाचला जातो.

पाळीवरून येणारं वय आणि सोनोग्राफीचं वय यांत किती फरक पडला तर तारीख बदलायची? ८ आठवडे ६ दिवसांपर्यंत ५ दिवसांहून जास्त. ९ ते १५ आठवडे ६ दिवस या काळात ७ दिवसांहून जास्त. १६ ते २१ आठवडे ६ दिवस: १० दिवसांहून जास्त. २२ ते २७ आठवडे ६ दिवस: १४ दिवसांहून जास्त. २८ आठवड्यांनंतर २१ दिवसांहून जास्त, आणि तेव्हाही फार विचार करून. ही अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेची २०१७ सालची मर्यादा, आपल्याकडेही बरेच जण हीच वापरतात.

ओळ निवडायची ती पाळीच्या वयावरून. २४ ऑक्टोबरला पाळीपासून ५८ दिवस, म्हणजे ८ आठवडे २ दिवस. म्हणून ५ दिवसांची ओळ. फरक ७ दिवस. तारीख बदलणार. हाच ७ दिवसांचा फरक साडेनऊ आठवड्यांना आला असता तर बदलली नसती, कारण तिथे ‘७ हून जास्त’ हवं.

पेठकर

पण बाईला स्वतःची पाळी पक्की माहीत आहे, ती नियमित आहे, तर मशीनवर जास्त भरवसा का? सोनोग्राफी नव्हती तेव्हाही ‘नऊ महिने नऊ दिवस’ मोजून सगळं होतच होतं की.

आकडेमोड

@पेठकर, पाळीची तारीख पक्की असली तरी बीज कधी बाहेर पडलं ते पक्कं नसतं. नेगेलेचा नियम (शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात ७ दिवस मिळवा, ९ महिने पुढे जा) चौदाव्या दिवशी बीज सुटलं असं गृहीत धरतो. नियमित पाळीतही ते एखाद्या महिन्यात अकराव्या दिवशी सुटतं, एखाद्यात विसाव्या. उलट पहिल्या तिमाहीत सगळे गर्भ जवळपास एकाच गतीने वाढतात. आईची उंची, आहार, बाळ पुढे मोठं होणार की लहान, हे फरक तेव्हा मापात फारसे उमटत नाहीत. म्हणून लांबीवरून वय काढता येतं. विसाव्या आठवड्यानंतर ही सोय हळूहळू संपत जाते.

नऊ महिने नऊ दिवसांचंही सांगतो. इंग्रजी महिने धरले तर २७ ऑगस्टपासून ९ महिने ९ दिवस म्हणजे ५ जून, २८२ दिवस. चांगलंच जवळ. पण तिथीने मोजलं तर चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणून ९ महिने ९ दिवस होतात फक्त २७५. त्यात २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, तेव्हा तिथीने मोजणाऱ्या घरात आणखी गोंधळ होणार. तिथी कधीची का असेना, आधी दिनदर्शिकेवर बोट ठेवून इंग्रजी तारीख काढा, मग मोजा.

पहिलटकरीण_बाणेर

सीआरएल म्हणजे नेमकं काय मोजतात? रिपोर्टवर फक्त आकडा असतो.

सोनो_सदाशिव

डोक्याच्या वरच्या टोकापासून बुडापर्यंतची सरळ रेषेतली लांबी. पाय धरत नाहीत.

११ मिमीला पडद्यावर काय दिसतं ते सांगतो. काळ्या पाण्याच्या पिशवीत राजम्याच्या दाण्याएवढा, तसाच किंचित वाकलेला, करडा आकार. शेजारी पातळ पांढऱ्या कडेचं गोल कडं, ती यॉक सॅक. आकाराच्या मध्यावर सतत लुकलुकतं, ते हृदय. या वयात चूक होते ती इथेच: यॉक सॅक अंगाला चिकटून असेल तर कॅलिपरचा (माप घ्यायच्या खुणेचा) दुसरा क्रॉस तिच्या बाहेरच्या कडेवर पडतो आणि दोन-तीन मिमी फुकट वाढतात. या सुमारास गर्भ दिवसाला साधारण एक मिमी वाढतो. म्हणजे दोन मिमीची चूक झाली की तारीख दोन दिवस सरकली.

एनटीच्या वेळची काळजी वेगळी. बाळ आडवं हवं, किरणाला काटकोनात. कडेने मधोमध कापल्यासारखं चित्र हवं: नाकाचं टोक, मणका, बूड एकाच चित्रात. हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये पाण्याची काळी फट दिसली पाहिजे. ती नसेल तर मान खाली वाकलेली आहे आणि माप कमी येणार. मान मागे टाकली असेल तर जास्त येणार. बाळ नीट वळलं नाही तर बाईंना उठवून पाच-दहा मिनिटं फिरून यायला सांगायचं. चित्र मोठं करून पडदा भरायचा, तीन चांगली मापं घ्यायची. या काळात दिवसाला दीड-दोन मिमी वाढ होते, त्यामुळे वाकलेल्या मानेने चार मिमी गेले तर दोन-तीन दिवस गेले.

आणि ठोके एम-मोडवर (हालचालीचा आलेख काढणारी पद्धत) मोजा. एवढ्या लहान गर्भावर पल्स्ड डॉप्लर (रक्तप्रवाह मोजणारी पद्धत) लावायची गरज नाही.

आकडेमोड

मशीन वय कसं काढतं तेही लिहितो. ग्लासगोच्या रॉबिन्सन यांनी १९७३ मध्ये सीआरएल मोजायची पद्धत मांडली आणि १९७५ मध्ये फ्लेमिंग यांच्याबरोबर सूत्र दिलं: लांबीला (मिमीमध्ये) १.०३७ ने गुणा, वर्गमूळ काढा, ८.०५२ ने गुणा, २३.७३ मिळवा. उत्तर दिवसांत.

११ मिमी: ११.४०७ चं वर्गमूळ ३.३७७. गुणून २७.२. मिळवून ५०.९. म्हणजे ५१ दिवस, ७ आठवडे २ दिवस. फाइलीशी जुळलं.
६० मिमी: ८७ दिवस, १२ आठवडे ३ दिवस. तेही जुळलं.

मोबाइल हाताशी नसेल तर मिमीमध्ये ४२ मिळवा. ११ ला ५३ येतात, दोन दिवस जास्त. नऊ आठवड्यांच्या आत अंदाजासाठी ठीक, रिपोर्टसाठी नाही.

मशीनमध्ये मात्र रॉबिन्सन, हॅडलॉक, इंटरग्रोथ असे अनेक तक्ते असतात आणि कुठला लावलाय हे कुणी बघत नाही. मोठ्या मापांना ते एकमेकांशी जमतात: ६० मिमीला इंटरग्रोथही ८७ च्या आसपासच येतो. पण १५ मिमीला रॉबिन्सन देतो ५५-५६ दिवस आणि इंटरग्रोथ ५८-५९. तीन दिवसांचा फरक, तोही ज्या ओळीत मर्यादाच ५ दिवसांची आहे तिथे. शिवाय इंटरग्रोथचं सूत्र १५ मिमीच्या खाली लावायचंच नसतं. म्हणून तक्त्याचं नाव रिपोर्टवर हवंच.

अवांतर: इंटरग्रोथच्या अभ्यासात जगातली आठ ठिकाणं होती, त्यांतलं एक आपलं नागपूर.

पेठकर

@आकडेमोड, समजलं. पण परदेशी तक्ते आपल्या बायकांना चालतात का? आपल्याकडे मुलं मुळातच लहान जन्मतात.

आकडेमोड

लहान जन्मतात, पण तो फरक मुख्यतः नंतर पडतो. बारा आठवड्यांपर्यंत फार थोडा. तरी प्रश्न रास्त आहे, आणि त्यावर भारतात काम झालंय: फरिदाबादची टीएचएसटीआय ही आरोग्य संशोधन संस्था आणि आयआयटी मद्रास यांनी गुरुग्रामच्या सिव्हिल हॉस्पिटलमधल्या गरोदर बायकांच्या नोंदींवरून ‘गर्भिनी’ नावाची सूत्रं बनवली आहेत. आधी पहिल्या तिमाहीसाठी, नंतर २०२४ मध्ये दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीसाठी. खरी गरज तिथेच जास्त होती, कारण उशिरा नाव नोंदवणाऱ्या बायकांची पहिली सोनोग्राफीच पाचव्या-सहाव्या महिन्यात होते.

हडपसर_लॅब

डबल मार्करच्या (पहिल्या तिमाहीत डाउन सिंड्रोमचा धोका बघणाऱ्या रक्त तपासणीच्या) बाजूने लिहिते. फॉर्मवर सीआरएल आणि सोनोग्राफीची तारीख हे दोन्ही रकाने भरून पाठवा ही सगळ्यांना कळकळीची विनंती. बरेचदा फक्त पाळीची तारीख येते.

याच फाइलीत काय झालं असतं पाहा. २८ नोव्हेंबरला रक्त घेतलं, पाळीवरून १३ आठवडे २ दिवस, त्या दिवशीच्या सीआरएलवरून १२ आठवडे ३ दिवस. रक्तातला पॅप-ए हा घटक या काळात झपाट्याने चढत असतो आणि एचसीजी हा दुसरा घटक दहाव्या आठवड्यानंतर उतरत असतो. वय सहा दिवस जास्त धरलं की पॅप-ए अपेक्षेपेक्षा कमी दिसतो आणि एचसीजी अपेक्षेपेक्षा जास्त. कमी पॅप-ए, जास्त एचसीजी: डाउन सिंड्रोमचा धोका दाखवणारी हीच जोडी. बाळ ठीक, रक्त ठीक, फक्त तारीख चुकीची, आणि घरात आठवडाभर कुणाला झोप नाही.

मृण्मयी_प्र

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. दुसरं टोक प्रसूतीजवळ येतं. पहिल्या पानावरची ३ जून धरली तर १० जूनला ४१ आठवडे भरतात आणि कळा आणायचा विषय निघतो. खरं म्हणजे त्या दिवशी ४० च भरलेले असतात.

पहिलटकरीण_बाणेर

मग पाळी चुकल्या चुकल्या लगेच सोनोग्राफी केली तर तारीख जास्त अचूक येईल ना?

सोनो_सदाशिव

नाही. पाचव्या आठवड्यात आतून बघितलं तरी फक्त पिशवी दिसते. साडेपाचच्या सुमारास यॉक सॅक, सहाच्या सुमारास गर्भ आणि ठोके. पोटावरून बघितलं तर हे सगळं साधारण आठवडाभर उशिरा दिसतं. नुसत्या पिशवीच्या सरासरी व्यासात ३० मिळवून दिवस काढतात, पण पिशवीचा आकार इतका कमी-जास्त असतो की त्यावर प्रसूतीची तारीख ठरवूच नये. रिपोर्टवर ‘वय अंदाजे, पुन्हा तपासणी’ एवढंच लिहावं.

लवकर केल्याचा त्रास असा की ठोके दिसत नाहीत आणि सगळे घाबरतात. सीआरएल ७ मिमी किंवा जास्त असून ठोके नसतील, किंवा पिशवीचा सरासरी व्यास २५ मिमी किंवा जास्त असून आत गर्भच नसेल, तरच गर्भ टिकला नाही असं म्हणता येतं. त्याखाली असेल तर दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा बघायचं. तोवर गर्भ पाडायच्या गोळ्या नाहीत, क्युरेटिंग नाही.

तारखेसाठी उत्तम काळ आठ ते तेरा आठवडे. सीआरएल ८४ मिमीच्या वर गेली की ती सोडून डोक्याचा घेर धरायचा.

बीजांकुर

आयव्हीएफची (टेस्ट ट्यूब पद्धतीची) गरोदर असेल तर वरचा तक्ता बाजूला ठेवा. पाच दिवसांचा गर्भ गर्भाशयात सोडला असेल तर त्या दिवसापासून २६१ दिवस, तीन दिवसांचा असेल तर २६३. उदाहरणार्थ १५ सप्टेंबर २०२५ ला पाच दिवसांचा गर्भ सोडला, तर तारीख ३ जून २०२६. कागदावर लिहायची ‘शेवटची पाळी’ त्याच्या १९ दिवस आधी, २७ ऑगस्ट.

मुद्दाम या फाइलीशी जुळणारी तारीख घेतली. अशा बाईला २४ ऑक्टोबरला ११ मिमीच आले, तर तारीख १० जून करायची नाही. तारीख ३ जूनच राहते आणि गर्भ आठवडाभर मागे आहे असं समजून लवकर पुन्हा बघायचं.

जुळ्यांमध्ये, आयव्हीएफ नसेल तर, दोघांपैकी मोठ्या सीआरएलवरून तारीख धरा. लहान्यावरून धरली तर त्याची खुंटलेली वाढ झाकली जाते.

मुळशी_सिस्टर

सगळे मापावर बोलताहेत, मी पाळीच्या तारखेवर बोलते. ती विचारायची पद्धतच चुकते. ‘पाळी कधीची?’ असं विचारलं की तीनातल्या कुठल्याही एका दिवसाची तारीख मिळते: पाळी आली तो दिवस, थांबली तो दिवस, किंवा चुकली तो दिवस. चुकलेला दिवस लिहिला गेला की सरळ चार आठवडे जातात. मी विचारते, ‘अंगावर जायला लागलं तो पहिला दिवस कुठला? आणि ती पाळी नेहमीसारखीच होती का?’ एकच दिवस थोडासा डाग दिसला असेल तर ती पाळी नसू शकते, दिवस गेल्यावरही तसा डाग दिसतो. मग मागच्या महिन्याची तारीख घ्यायची.

तारीख आठवत नसेल तर सणाला धरून काढायची. ‘पोळ्याच्या आधी की नंतर? घट बसले तेव्हा बाजूला होतात का?’ अंगावर पाजत असताना दिवस राहिले असतील तर पाळी विचारून उपयोगच नाही, थेट सोनोग्राफीची चिठ्ठी.

आणि ऑगस्ट-सप्टेंबरची तारीख असली की माझा एक प्रश्न ठरलेला: ‘गौरी-गणपतीला पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली होती का?’

@सोनो_सदाशिव, २७ ऑगस्ट २०२५ ला गणेश चतुर्थी होती. विचारलंय का त्यांना?

सोनो_सदाशिव

नाही विचारलं. फाइलीत कुठेही नोंद नाही. त्यांच्या डॉक्टरांना आजच फोन करतो.

मृण्मयी_प्र

सिस्टर, हा प्रश्न शहरातल्या ओपीडीतही छापून लावायला हवा. गोळी बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते आणि पुढचं चक्र तिथून मोजायचं. बऱ्याचजणी ‘माझी तारीख २७’ असं महिन्याची ठरलेली तारीख म्हणून सांगतात, आली कधी ते नाही.

चक्राची लांबीही विचारा. ३५ दिवसांचं नियमित चक्र असेल तर नेगेलेच्या तारखेत ७ दिवस मिळवायचे, मग सोनोग्राफीशी तुलना. पीसीओएसमध्ये (बीजकोशाचा विकार, पाळी अनियमित) पाळीवर विसंबूच नये.

पेठकर

एक शंका उरते. ब्रिटनमध्ये म्हणे ५-७ दिवस काही बघत नाहीत, थेट सीआरएलवरूनच सगळ्यांची तारीख ठरवतात. ते सोपं नाही का?

मृण्मयी_प्र

बरोबर आहे, तिथे तसंच करतात, आणि त्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. पण तिथे मापणारे प्रशिक्षित, पद्धत एक. आपल्याकडे एका बाईचे तीन स्कॅन तीन ठिकाणी, तीन तक्त्यांवर. पाळीची तारीख पक्की असेल आणि फरक मर्यादेत असेल तर मी पाळीचीच ठेवते. इथे दोन मतं असू शकतात. मात्र एकदा ठरली की हलवायची नाही, यावर दोन मतं नाहीत.

अ‍ॅनोमली स्कॅनची ६ जून म्हणूनच बाद. १० जूनवरून त्या दिवशी १९ आठवडे २ दिवस होतात, मापं १९ आठवडे ६ दिवसांची. याचा अर्थ बाळ चार दिवसांनी भरदार आहे. तारीख अलीकडे आली असा नाही. आठव्या महिन्यात हे उलटं होतं तेव्हा जीवावर बेततं: बाळ तीन आठवडे लहान भरतं, रिपोर्टवर मशीन नवी, पुढची तारीख छापतं, आणि वाढ खुंटलेल्या बाळाला ‘तारीखच चुकली होती’ म्हणून घरी पाठवलं जातं.

हडपसर_लॅब

मशीनमध्ये पाळीची तारीख टाकतानाही बघा. दिवस आधी की महिना आधी? ५/८ ची ५ ऑगस्ट ऐवजी ८ मे झाली की पाळीवरचं वय तीन महिने पुढे जातं. मोठी चूक लगेच दिसते, पण ९/१० आणि १०/९ मधला महिनाभराचा फरक डोळ्यांतून सुटतो.

सोनो_सदाशिव

बोलणं झालं. सिस्टर, तुमचा अंदाज बरोबर निघाला. २७ ऑगस्ट ही पाळीची अपेक्षित तारीख होती. गोळ्या घेतल्या, शेवटची ३१ ऑगस्टला, गौरी आवाहनाच्या रात्री. पाळी आली ३ सप्टेंबरला. ३ सप्टेंबर अधिक २८० दिवस, १० जून. ११ मिमीने तेच सांगितलं होतं.

त्यांच्या डॉक्टरांनी पहिल्या पानावर लाल पेनने लिहिलंय: ‘निश्चित तारीख १० जून २०२६. आधार: २४/१०/२५, सीआरएल ११ मिमी, रॉबिन्सन; प्रत्यक्ष पाळी ३/९/२५. पुढील रिपोर्टवरून बदलू नये.’ बाकीच्या तीन तारखांवर एकेक रेघ. मीही आजपासून रिपोर्टच्या तळाशी निश्चित तारीख लिहिणार, आणि मशीनची छापील तारीख फक्त पहिल्याच स्कॅनला ठेवणार.

मुळशी_सिस्टर

माता-बाल संरक्षण कार्डावर आणि आरसीएच (सरकारी माता-बाल आरोग्य) नोंदीतही बदलून घ्या. तिथे ३ जून राहिली तर आशाताई त्याच हिशोबाने फेऱ्या मारतील. पुढच्या सोनोग्राफीला एफ फॉर्मवरही (सोनोग्राफीच्या वेळी कायद्याने भरायचा फॉर्म) ३ सप्टेंबरच लिहायला सांगा, नाहीतर २७ ऑगस्ट पुन्हा तिथून आत येईल.